पाहुण्याचं ताट

तांबोळीबाई एकदा उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरवर ओरडल्या आणि फ्रीजर घाबरून उणे ब्याऐंशीवर गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बरं, डोळ्यांनी नाही, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या शेजारी मी रोज डबा खातो, त्यामुळे तो पुरावा माझाच समजायला हरकत नाही.

मी त्या संशोधन संस्थेत स्टोअर सांभाळतो. माझं शिक्षण कॉमर्सचं. जीवशास्त्राशी माझा संबंध डास चावण्यापुरता. पण स्टोअरच्या खिडकीसमोरच तांबोळीबाईंची प्रयोगशाळा, आणि बाईंचा आवाज असा, की काचेची खिडकी ही त्याला निव्वळ औपचारिकता. त्यामुळे वीस वर्षांत माझी जी पीएच.डी. झाली ती कानांनी झाली.

रशीदा तांबोळी. हुद्दा तांत्रिक अधिकारी. उंची साधारण पाच फूट, त्यातले तीन इंच आवाजाचे. डोक्याला कायम घट्ट पांढरा रुमाल बांधलेला, ॲप्रनच्या खिशात कोथिंबिरीची जुडी. माहेरचा धंदा पानाचा, त्यामुळे कुठलीही पातळ, ओली, फाटणारी गोष्ट बाईंच्या बोटांत आली की आपणहून घडी होऊन बसायची. प्रयोगातला तो कागदासारखा पडदा, जो हाताळताना भलेभले डॉक्टर घामाघूम होतात, तो बाई कलकत्ता पान बांधावं तसा उचलायच्या. नव्या विद्यार्थ्यांनी तोंड उघडं ठेवून बघितलं की म्हणायच्या, "तोंड मिटा. चुना लावलेला नाही."

माझ्याशी त्यांची पहिली भेट झाली ती एका पार्सलवरून. परदेशातून कोरड्या बर्फात एक अँटिबॉडी निघाली होती. अँटिबॉडी काय असते ते करोनानंतर सगळ्या पुण्याला कळलं आहे. तेव्हा मला कळत नव्हतं. मला इतकंच कळलं, की कुरियरची गाडी हडपसरला वाहतुकीत अडकली आहे आणि बर्फ संपत आलाय. मी खिडकीतून बाईंना म्हटलं, "संध्याकाळपर्यंत येईल हो."

"अहो स्टोअर," बाई म्हणाल्या (मला त्यांनी शेवटपर्यंत याच नावाने हाक मारली), "संध्याकाळपर्यंत त्याचं सूप होईल. ते तुम्ही पिणार का?"

आणि स्कूटर काढून गेल्या. पुढचं जे मी सांगतो ते कुरियरवाल्याने मला सांगितलं, आणि मी त्यात फार भर घातलेली नाही. बाईंनी सिग्नलला अडकलेली गाडी शोधली. शेजारी कुल्फीवाला उभा होता. त्याच्या मडक्यातला बर्फ-मीठ सगळं उचललं, पार्सल त्यात पुरलं, आणि बर्फाविना वितळणाऱ्या सव्वीस कुल्फ्या त्या चौकात अडकलेल्या लोकांना वाटून टाकल्या. हडपसरचा तो सिग्नल त्या दिवशी हिरवा झाला तरी एकही गाडी हलली नाही म्हणतात.

आता बाई काय काम करायच्या ते सांगतो. घाबरू नका, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. आपण श्रीखंड खातो. रक्तातली साखर वाढते. मग स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन सोडतात. हे इन्सुलिन पेशीच्या आत छोट्या छोट्या पिशव्यांत बांधून ठेवलेलं असतं, आणि त्या पिशव्या दारापर्यंत नेऊन रिकाम्या करायला काही प्रथिनं असतात. मी त्यांना हमाल म्हणतो, आणि या गोष्टीत सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द घालणार आहे. आमच्या संस्थेतले आगाशे सर यांतल्या एकाच हमालाच्या मागे तीस वर्षं लागले होते. त्या हमालाचं खरं नाव मला उच्चारता येतं, पण मग पाणी प्यावं लागतं.

हे हमाल दिसत नाहीत. ते दाखवायचं काम अँटिबॉडीचं. पोलिसांचं कुत्रं जसं शंभर माणसांतून नेमक्या चोरासमोर जाऊन बसतं, तसं ती हजारो प्रथिनांतून आपल्या हमालाला जाऊन चिकटते आणि पडद्यावर एक काळा पट्टा उमटतो. पट्टा आला की हमाल आहे. नाही आला की नाही.

या हमालाची अँटिबॉडी मात्र परदेशातून आलेली नव्हती, घरचीच होती. वीसेक वर्षांपूर्वी सरांनी स्वतःच्या हाताने तो हमाल वेगळा काढला, त्याचं इंजेक्शन एका सशाला दिलं, आणि सशाच्या रक्ताने त्याची ओळख लक्षात ठेवली. ससा म्हणजे मादी होती. नाव गुलाबो. नाव अर्थातच बाईंनी ठेवलं, आणि खिशातली कोथिंबीर तिच्यासाठी. बाहेरचं खाणं द्यायला नियमाने बंदी होती, त्यामुळे कोथिंबिरीचं रोज प्राणीगृहातल्या डॉक्टरांना सांगून, वहीत लिहून, सही घेऊन मग वाटप व्हायचं. बाई तिच्या कानातून रक्त काढायच्या तेव्हा तिची माफी मागायच्या, आणि ती माफी आम्हाला स्टोअरमध्ये ऐकू यायची. गुलाबो म्हातारी होऊन गेली. तिचं रक्त मात्र नखाएवढ्या नळ्यांत, प्रत्येकीवर गुलाबी शाईने 'गुलाबो' लिहून, त्या भित्र्या फ्रीजरमध्ये राहिलं. कोथिंबीर खिशात यायची थांबली नाही. ती आता बाई स्वतःच्या डब्यावर घालायच्या.

आणि बाईंचा तो नियम. प्रयोगासाठी एक पारदर्शक, थरथरती, खरवसासारखी पाटी ओततात. तिच्या एका काठाला दहा खाचा. एकेका खाचेत एकेका उंदराचा नमुना भरायचा. वीज लावली की नमुन्यातली प्रथिनं पाटीतून खाली धावतात, लहान असेल ते जास्त खाली, आणि मग त्यांचा ठसा त्या कागदासारख्या पडद्यावर घेतात. बाई दहापैकी नऊच भरायच्या. दहावीत उंदीर नाही, माणूस नाही, काही नाही. नुसतं पाणी, मीठ आणि निळा रंग.

"हे पाहुण्याचं ताट," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या घरी अम्मी जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडायची, न सांगता येणाऱ्यासाठी. "घरात कुणी आगंतुक शिरलाय की नाही, हे रिकाम्या ताटावरून कळतं. भरल्या ताटांच्या गर्दीत कळत नाही."

विद्यार्थी कुरकुरायचे. दहातली एक खाच म्हणजे एक उंदीर कमी, म्हणजे महिन्याच्या शेवटी चार दिवस जास्त. पण बाईंसमोर कुरकुरायला जो आवाज लागतो तो कुणाकडे नव्हता.

आगाशे सरांकडे होता. सर अनेक वर्षं समित्यांमध्ये अडकलेले होते. निवृत्तीला तीन वर्षं उरली, तसं त्यांना एकदम हाताने काम करण्याची उबळ आली. ज्या मंगळवारी-शुक्रवारी समिती नसेल, त्या दिवशी सर प्रयोगशाळेत. सरांच्या डोक्यावर केसांची एक झालर तेवढी उरलेली, पण विचार करताना ते ती झालर अशी खाजवायचे, की काळ्या कोटावर महाबळेश्वरला धुकं उतरल्यासारखं काहीतरी उतरायचं. एक दिवस सरांनी ते रिकामं ताट पाहिलं.

"बाई, दहा खाचा आहेत तर दहा नमुने भरा. रिकामी जागा कसली सोडता?"

"बसमध्येसुद्धा कंडक्टरची सीट सोडतात, सर."

"आपली बस वेळेवर पोचवायची आहे. आजपासून हे बंद."

बाई गप्प झाल्या. त्या दिवशी मी खिडकी उघडून बघितलं, काच जाड बसवली की काय म्हणून.

ज्या मुलीची ती बस होती तिचं नाव प्राची गायकवाड. हडपसरहून दोन बस बदलून यायची, पाच वर्षं झाली होती, शिष्यवृत्ती संपलेली, घरी आई रोज विचारायची की डॉक्टर होणार म्हणजे नेमकं कधी. आणि खाचा दहाच्या दहा भरायला लागल्यावर महिन्याभरात प्राचीला घबाड मिळालं. मधुमेही उंदरांच्या रकान्यांत हमालाच्या पट्ट्याच्या वर आणखी एक पट्टा! ठसठशीत! निरोगी उंदरांत त्याचा मागमूस नाही! सर म्हणाले, हे हमालाचं नवं रूप आहे. आजारातच दिसणारं. जगात कुणी पाहिलेलं नाही. सर इतके आनंदले, की त्यांनी लिफ्टला धन्यवाद दिले. पेपर लिहून पाठवूनही झाला. परदेशातल्या मोठ्या सभेत सरांचं भाषण ठरलं, आणि त्या भाषणावर प्राचीचा प्रबंध अवलंबून.

भाषणाला आठ दिवस उरले असताना प्राची स्टोअरमध्ये आली. हातमोजे मागायला आली आणि रडायलाच लागली. मी घाईघाईने तिला टिश्यू पेपर दिला, नोंद न करता. बाई तिथेच होत्या, माझ्या चहातला अर्धा पीत.

"पट्टा येत नाही," प्राची म्हणाली. "म्हणजे येतो, पण रोज नाही येत. मी एकटी करते तेव्हा नाही येत. बाई, माझ्या हातातच काहीतरी प्रॉब्लेम आहे. सरांना सांगितलं तर संपलंच सगळं."

"कुठल्या दिवशी येतो?"

"मंगळवारी. आणि शुक्रवारी."

बाईंनी माझा चहा खाली ठेवला. "मंगळवारी नि शुक्रवारी काय असतं?"

"काही नाही. सर येतात."

"येऊन काय करतात?"

"काही नाही हो. मधुमेही उंदरांच्या नळ्या उघडून बघतात. 'बघू बघू, माझे पेशंट काय म्हणतात' म्हणून वाकतात. निरोगी उंदरांना ते हातही लावत नाहीत. मग उभे राहून विचार करतात."

"विचार करताना काय करतात?"

प्राचीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"गप," बाई म्हणाल्या. "अजून काही सिद्ध झालेलं नाही. मंगळवारी माझं ताट मांडू दे. सरांनी बंदी घातलीय ना? मग चोरून मांडू."

मंगळवारी बाईंनी दोन नळ्यांत तेच भरलं: नुसतं पाणी, मीठ आणि निळा रंग. एकीवर लिहिलं 'मधुमेही ११' आणि सरांच्या पेशंटांच्या रांगेत ठेवून दिली. दुसरी झाकण लावून ॲप्रनच्या खिशात, कोथिंबिरीच्या शेजारी. सर आले. "बघू बघू" झालं. झाकणं उघडली, सर वाकले, सरांनी विचार केला. सविस्तर विचार केला. त्या दिवशी प्रयोगशाळेत बर्फ पडला असं मी म्हणणार नाही, पण प्राचीने स्वेटर घातला होता.

निकालाच्या वेळी मीही हजर होतो. स्टोअरची खिडकी तेव्हा अचानक दुरुस्तीला निघाली होती. अंधाऱ्या पेटीचा कॅमेरा सुरू झाला आणि संगणकाच्या पडद्यावर हळूहळू काळे पट्टे उमटायला लागले.

"वा!" सर ओरडले. "प्राची, हा बघ! नवं रूप! आणि हा अकरा नंबर तर काय सुंदर आहे! याच्यात आपला नेहमीचा हमाल अजिबात नाही, नुसतं नवं रूप! हा उंदीर मला बघायचाय!"

"सर," बाई म्हणाल्या, "अकरा नंबरमध्ये उंदीर नाही."

"मग काय आहे?"

"पाणी."

"पाण्यात पट्टा कसा येईल?"

"मीही तेच म्हणते. हे शेजारचं बघा. तेच पाणी, माझ्या खिशातलं. त्यात काही नाही." मग बाईंनी, मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात विचारलं, "सर, रागावणार नसाल तर डोकं जरा इकडे करता?"

एसी बंद पडला. खरंच पडला, मी नंतर तक्रार नोंदवली. सरांनी डोकं पुढे केलं. बाईंनी स्वच्छ कागद धरला, सरांनी खाजवलं, कागदावर जे पडलं ते बाईंनी नळीत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पाटीवर धावलं. पट्टा त्याच उंचीवर, आणि इतका काळा, की कॅमेऱ्याने दोनदा खात्री करून घेतली.

म्हणजे सरांच्या मधुमेही उंदरांत सापडलेलं, जगात कुणी न पाहिलेलं ते रूप म्हणजे सरांचा कोंडा.

"पण गुलाबोची अँटिबॉडी माझ्या कोंड्याला का चिकटावी?" सर खुर्चीत बसत म्हणाले. "ती तर हमालालाच ओळखते."

बाईंनी जुनी वही काढून ठेवलीच होती. गुलाबोला दिलेलं इंजेक्शन कुणी तयार केलं, त्याचं पान. सही सरांची. वीस वर्षांपूर्वीची, झोकदार. तेव्हा सरांच्या डोक्यावर जंगल होतं, आणि सर तेव्हाही विचार करायचे. हमालाबरोबर सरांचा कोंडाही त्या इंजेक्शनमधून गुलाबोच्या अंगात गेला होता. बिचारीने दोघांचीही ओळख लक्षात ठेवली. इतकी वर्षं बाई रुमाल बांधून काम करत होत्या आणि सर समित्यांत होते, म्हणून दुसरी ओळख निघायची वेळ आली नाही.

"गुलाबोने फसवलं," प्राची पुटपुटली.

"खबरदार!" इथे बाईंचा आवाज परत आला आणि तीन परीक्षानळ्या आडव्या झाल्या. "ती काही खोटं बोलली नाही. तिला जे दाखवलं ते तिने जन्मभर ओळखलं. सर इतक्या वर्षांनी आले, केस गेले, तरी तिने बरोबर ओळखलं. तुझ्या ओळखीचं आहे का असं कुणी?"

सरांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आम्हाला वाटलं रडतायत. मग कळलं, हसतायत. असे हसले, की चष्मा काढला, तो पुसला, परत घातला आणि परत हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "पेपर मागे घ्यायचा. भाषण रद्द. मी आजच कळवतो." आणि मग प्राचीकडे न बघता, "तुझी पाच वर्षं मी डोकं खाजवून घालवली गं."

प्राची भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं आणि रडूही. तिला फक्त हडपसरची बस दिसत असावी, आणि दारात उभी आई.

"अगं," बाई म्हणाल्या, "वरचा पट्टा गेला. खालचा कुठे गेलाय?"

"कुठला खालचा?"

"आपला हमाल! महिनेच्या महिने सगळे वरच्या पाहुण्याला हार घालतायत, आणि घरचा माणूस कोपऱ्यात उभा आहे. नीट बघ त्याच्याकडे. निरोगी उंदरांत कसा आहे आणि मधुमेहींत कसा."

प्राचीने बघितलं. मीही बघितलं, मला दोन्ही सारखेच दिसले, पण माझं कॉमर्स आहे. मधुमेही उंदरांत खालचा पट्टा फिका होता. थोडासाच. पण प्रत्येक रकान्यात फिका.

"हे फार लहान आहे, बाई."

"लहान आहे. पण आहे का ते बघू या ना. परत कर. तीनदा कर. आणि माझं ताट मांडून कर."

सरांनी उठून फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: नऊच खाचा भराव्यात. खाली सही केली. झोकदार.

प्राचीने तीनदा केलं. बाईंनी करायला लावलं म्हणून सहादा केलं. रिकामं ताट सहाही वेळा रिकामं राहिलं आणि हमाल सहाही वेळा फिका निघाला. जगाला हादरा बसला नाही. लिफ्टला कुणी धन्यवाद दिले नाहीत. पण प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही दहावी जागा वाया घालवलीत का?" तेव्हा प्राचीने मागच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही सर. बाकीच्या नऊ त्या जागेमुळे वाया गेल्या नाहीत." मागच्या रांगेत रुमाल बांधलेल्या बाईंनी इतक्या जोरात नाक शिंकरलं, की परीक्षकांनी ती सूचना समजून पुढचा प्रश्न रद्द केला.

सर त्यानंतर प्रयोगशाळेत येत राहिले. फक्त दारात त्यांना टोपी घालावी लागायची. संस्थेच्या टोप्या सरांच्या डोक्याला लहान पडत, म्हणून ते घरून बायकोची अंघोळीची टोपी आणायचे. प्लास्टिकची, जांभळ्या फुलांची. ती घालून सर मंत्रालयातून आलेल्या पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत. कुणीही हसत नसे. बाई शेजारी उभ्या असायच्या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं आणि आम्हाला बिबवेवाडीला घरी जेवायला बोलावलं. मी, प्राची आणि सर. बाईंचे यजमान तांबोळीसाहेब फार कमी बोलतात. तीस वर्षांत त्यांची पाळी आली नसणार. ताटं मांडली होती सहा. माणसं पाच. सहावं कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे शिकलेलो होतो.

बाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि वास असा सुटला, की खालच्या मजल्यावरून भांडण थांबल्याचा आवाज आला. सर पटकन वाकले. "बघू बघू..."

"सर!" बाई म्हणाल्या. "टोपी."

सरांनी मुकाट्याने खिशातून जांभळ्या फुलांची टोपी काढली आणि घातली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कुरियरचा पोऱ्या, घामाने निथळणारा, चुकीच्या इमारतीत आलेला. भर दुपारचा सूर्य त्याच्या मागे उभा. बाईंनी पार्सलवरचा पत्ता वाचला, "हे पलीकडच्या गल्लीत," म्हणाल्या, आणि मग त्याचा चेहरा बघून, "पण गल्ली कुठे पळून जात नाही. पार्सलमध्ये बर्फ आहे का?"

"नाही. चपला आहेत."

"मग बसा. हात तिकडे धुवा."

तो बिचकत सहाव्या ताटावर बसला. समोर जांभळ्या फुलांची टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ भाताची वाट बघत बसलेले पाहून त्याने बूड जरा दाराच्या बाजूला सरकवलं, पण वाढलेलं ताट बघून परत जागेवर आला.

सगळ्यांना वाढून झालं. बाई अजून उभ्याच होत्या. मोजत होत्या. माझ्यापासून सुरुवात करून प्राची, सर, साहेब, त्यांची स्वतःची रिकामी जागा, आणि तो पोरगा. सगळी ताटं भरलेली. त्यांच्या कपाळाला एक आठी पडली.

त्या आत गेल्या, कपाटातून एक स्वच्छ ताट घेऊन आल्या, पोराच्या शेजारी मांडलं, ॲप्रन नव्हतं तरी सवयीने खिशाच्या जागी हात पुसले, आणि मग जेवायला बसल्या.